दोनशे डॉलर भरा, देशसेवा करा

शेअर बाजारात पैसा करायचा तर कंपन्यांचे ताळेबंद वाचावेत, असं जाणकार सांगतात. अमेरिकेतल्या हुशार मंडळींनी हा कुटाणा केव्हाच सोडला. लोकप्रतिनिधींनी काय घेतलं ते बघायचं आणि आपणही तेच घ्यायचं! २०२३च्या फेब्रुवारीत तर या तत्त्वावर दोन फंडच निघाले. डेमोक्रॅट सदस्यांच्या सौद्यांचा माग काढणाऱ्याचं नाव ‘नॅन्क’, म्हणजे नॅन्सी पेलोसींवरून. रिपब्लिकनांच्या मागे जाणाऱ्याचं तेव्हाचं नाव ‘क्रूझ’, टेड क्रूझ यांच्यावरून. जाहीरनाम्यावर विश्वास नसला तरी चालेल, नेत्याच्या डिमॅट खात्यावर हवा.

तिथे स्वतःचा पैसा गुंतलेल्या प्रकरणात सरकारी नोकराने हात घालणं हा फौजदारी गुन्हा आहे. या कलमातून राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसचे सदस्य वगळले आहेत. बरोबरच आहे. कारकून मोहाला बळी पडतो, नेत्याचा मोहही राष्ट्रहिताचा असतो. औषधांच्या किमतींवर समितीत बसायचं आणि औषध कंपनीचे शेअरही बाळगायचे, म्हणजे पेपर काढणाऱ्या मास्तरांनीच शिकवणी घ्यावी तसं. निकाल उत्तम लागतो.

लोक फारच कुजबुजू लागले म्हणून ४ एप्रिल २०१२ रोजी ओबामांनी ‘स्टॉक’ कायद्यावर सही केली. आतल्या खबरीवर सौदे करू नका, असं सदस्यांना त्यात बजावलं आहे. खबर आतली होती की सकाळच्या पेपरातली, हे मात्र ज्याने त्याने सिद्ध करत बसावं. शेअर घ्यायला-विकायला बंदी नाही. हजार डॉलरच्या वरचा सौदा फार तर पंचेचाळीस दिवसांत कळवायचा. तोही नेमक्या रकमेनिशी नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा ऐसपैस. कळवायला उशीर झाला तर दंड? दोनशे डॉलर. लाखो डॉलरच्या सौद्यापुढे ही तर चिल्लरच.

हेही जाचक वाटलं असावं. वर्षभरातच, २०१३च्या एप्रिलमध्ये, वरिष्ठ कर्मचाऱ्यांची विवरणपत्रं इंटरनेटवर टाकण्याची अट दोन्ही सभागृहांनी एकमताने काढून टाकली. एरवी अर्थसंकल्पावरून सरकार बंद पाडणारे पक्ष ते हेच.

सिनेटर रिचर्ड बर यांचं मात्र कौतुक करायला हवं. २०१२मध्ये सिनेटने हे विधेयक ९६ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं, तेव्हा विरोध करणाऱ्या तिघांत ते होते. पुढे ते गुप्तचर समितीचे अध्यक्ष झाले. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांनी एका सहकाऱ्यासह लेख लिहून जनतेला धीर दिला, की करोनासारख्या साथींना तोंड द्यायला अमेरिका कधी नव्हे इतकी सज्ज आहे. १३ तारखेला त्यांनी तेहतीस सौद्यांत शेअर विकले. किंमत ६ लाख २८ हजार ते १७ लाख २० हजार डॉलरच्या दरम्यान. आठवड्याभरात बाजार कोसळायला लागला. आपण फक्त जाहीर बातम्यांवर विसंबलो, असं ते म्हणाले. चौकशा झाल्या आणि आरोप न ठेवता मिटल्या. म्हणजे देश सज्ज होता यात शंका नाही. निदान एक घर तरी होतं.

२०२१मध्ये प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती पेलोसींना विचारलं, सदस्यांना शेअरबंदी का नको? आपली मुक्त बाजारव्यवस्था आहे, त्यात सदस्यांनाही भाग घेता आला पाहिजे, असं उत्तर मिळालं. पुढे त्यांचं मत जरा मवाळ झालं. बंदीची विधेयकं मात्र येतात, भाषणं ऐकतात आणि बहुधा समितीत विसावतात. ज्यांचे शेअर, त्यांचीच समिती.

आता आपण फिदीफिदी हसायला मोकळे. पण आपल्याकडे केंद्र सरकारच्या बाबूला १९६४च्या वर्तणूक नियमांनी शेअरचा सट्टा मना आहे आणि वारंवारची खरेदी-विक्री हाही सट्टाच धरला जातो. खासदारसाहेब निवडणुकीला उभे राहताना प्रतिज्ञापत्रात मालमत्ता लिहितात. त्यानंतरच्या काळात प्रत्येक सौदा अमुक दिवसांत जाहीर करा, असं सांगणारा कायदाच नाही. त्यामुळे अमेरिकेत निदान काही सदस्यांना उशीर होतो. आपल्याकडे एकालाही होत नाही.