झरीच्या भावी सरपंचांनी थेट दिल्लीचाच अर्ज भरावा

मौजे झरी, तालुका व जिल्हा परभणी येथील समस्त भावी सरपंच आणि भावी सदस्य यांस,



फलकावर नावाआधी 'भावी' लिहायला अद्याप कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून आपले अभिनंदन आत्ताच करून घेतो. त्यापुढचा रस्ता कागदांचा आहे. जिंतूर रस्त्याने परभणीच्या तहसील कार्यालयाकडे निघण्यापूर्वी एक हिताची सूचना ऐकावी. ग्रामपंचायतीचा नाद सोडा आणि थेट लोकसभेचा अर्ज भरा. तो सोपा आहे. थट्टा वाटेल, पण दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. झरीच्या ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर नाव झरीच्याच यादीत हवे. लोकसभेच्या खुल्या मतदारसंघासाठी देशात कुठेही मतदार असलात तरी चालते. म्हणजे झरीचा माणूस वाराणसीतून उभा राहू शकतो, पण शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत नाही. अपक्षाला लोकसभेसाठी दहा सूचक जमवावे लागतात हे खरे, पण ज्याला दहा माणसे जमत नाहीत त्याने फलक तरी कशाला लावावा? अडचण फक्त अनामत रकमेची. ग्रामपंचायतीला ५०० रुपये, राखीव प्रवर्गाला १००. लोकसभेला २५ हजार, अनुसूचित जाती-जमातींना साडेबारा हजार. कायद्याने गरिबाला इथे सवलत दिली, असे वाटून घेऊ नका. पैशात सोडलेले तो कागदांत वसूल करतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याचे कलम १४ एकदा सावकाश वाचा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर तुम्ही अपात्र. घरात शौचालय आहे आणि ते तुम्ही नियमित वापरता, याचे प्रमाणपत्र नसेल तर अपात्र. घरपट्टी-पाणीपट्टीचे बिल हाती पडून तीन महिने उलटले आणि रक्कम भरली नाही, तर अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्र. सरपंचपद थेट जनतेतून लढवायचे असेल आणि जन्म १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतरचा असेल, तर सातवी पास हवे. राखीव जागा असेल तर जातीच्या प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्रही हवे. ते मुदतीत मिळाले नाही तर निवडून आलेली खुर्चीही जाते. निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते लागते, आणि हरलात तरी निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत घरी बसा. आता लोकसभेकडे वळा. अपत्ये कितीही असोत. शिक्षणाच्या रकान्यात 'अशिक्षित' लिहिले तरी अर्ज वैध. राखीव जागेला जातीचे प्रमाणपत्र पुरते. खर्चाचा हिशेब तिथेही मागतात, पण शौचालयाची चौकशी कोणी करत नाही. खासदार होऊ पाहणाऱ्या माणसाच्या सवयींवर देशाचा केवढा विश्वास आहे!

इथे एखादा वकील हात वर करील. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज सगळे लिहावे लागते. रकाना कोरा सोडून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले आहे. सरकारी निवासस्थान वापरले असेल तर भाडे, वीज, पाणी यांची थकबाकी नसल्याचा दाखलाही लागतो. हे सारे मान्य, आणि तुम्हाला सरकारी बंगला कधी मिळालेला नसल्याने हा शेवटचा दाखलाही वाचला. पण वकीलसाहेबांच्या बोलण्यातच माझा मुद्दा आहे. वरच्या पायरीवर सांगावे लागते, खालच्या पायरीवर सिद्ध करावे लागते. दहा खटले चालू आहेत असे शपथेवर लिहून दिले की लोकसभेचा अर्ज वैध ठरतो. निकाल लोकांनी लावायचा. पाणीपट्टी थकल्याचे झरीत तितक्याच प्रामाणिकपणे लिहून दिले तर निकाल छाननीच्या टेबलावरच लागतो. कोट्यवधींचे कर्ज असलेला उमेदवार कसा आहे हे ठरवण्याइतका मतदार शहाणा, पण नळाचे बिल थकवणाऱ्याबद्दल त्याला मत बनवता येत नाही, असे कायद्याचे गृहीत दिसते. आणि मतदार तर दोन्हीकडे तोच आहे.

या अटींचा भार कोणावर पडतो हेही पाहा. ५० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या, उत्तम झाले. पण घर सासऱ्याच्या नावावर, शौचालय दिराने बांधलेले, अपत्य किती व्हावे याचा निर्णय घरात भलत्यानेच घेतलेला, आणि अपात्र ठरते ती सून. कुटुंबातल्या माणसाने केलेल्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. मग जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना, सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात या आरोपावरून पदावरून काढले गेले. त्या दिल्लीपर्यंत लढल्या. २०२४ साली त्याच न्यायालयाने त्यांचे पद परत दिले आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहज हटवल्याबद्दल यंत्रणेला खडसावले. न्याय मिळाला, आनंद आहे. पण प्रत्येक सरपंचबाईला परभणीहून सर्वोच्च न्यायालयाचा प्रवासखर्च परवडेल का?

न्यायालयांनी या अटी वैध ठरवल्या आहेत, हा दुसरा आक्षेप. खरे आहे. हरियाणाची दोन अपत्यांची अट २००३ साली टिकली. शिक्षण आणि शौचालयाची अट २०१५ साली टिकली. निवडणूक लढवणे हा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला आहे, असे २००३ च्या निकालात म्हटले गेले. पण वैध आणि शहाणे यांत अंतर असते. दोन अपत्यांची अट न्यायालयात जिंकल्यावर तीनच वर्षांत हरियाणाने ती स्वतःच रद्द केली. महाराष्ट्राने मात्र ती जपली. मुंबई महापालिकेपर्यंत नेली, २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही लावली, आणि विधानभवनाच्या फाटकाशी ती थांबली. आमदारांच्या पात्रतेचा कायदा संसद करते, विधिमंडळाचा इलाज नाही, असे कोणी म्हणेल. तेही बरोबर. तर मग संसदेचे ऐका. ज्या वर्षी संसदेने पंचायतराज घटनेत घातले, त्याच १९९२ साली खासदार-आमदारांना दोन अपत्यांची मर्यादा घालणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडले गेले. पंचायतीची दुरुस्ती १९९३ मध्ये अमलातही आली. दुसरे विधेयक काही मंजूर झाले नाही.

'पण चांगल्या सवयींची सुरुवात गावातूनच व्हायला नको का?' हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो घेणाऱ्यांना खरोखर गाव सुधारायचे असते. उघड्यावरचे हागणे बंद व्हावे, कर भरला जावा, गायरान मोकळे राहावे, यात वाद नाही. वाद इतकाच की त्यासाठी वसुलीची नोटीस आहे, दंड आहे, अतिक्रमण हटवण्याचे अधिकार आहेत. ते वापरायचे नाहीत, कारण त्याने मते जातात, आणि मग सगळी शिस्त उमेदवारी अर्जाच्या मानेवर द्यायची. परिणाम असा की एरवी न दिसणारी थकबाकी विरोधकाला छाननीच्या सकाळी बरोबर दिसते. सुधारणेसाठी आणलेले कलम गावात प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे हत्यार होते, आणि पडतो तो, ज्याला कागद सांभाळणारा माणूस ठेवणे परवडत नाही.

एवढ्या गाळण्या लावल्यावर खाली निखळ लोकशाही उतरली असेल, असे तुम्हाला वाटेल. डिसेंबर २०२० आठवा. १४,२३४ ग्रामपंचायतींचे अर्ज एकाच आठवड्यात संगणकावरून भरायचे होते. यंत्रणेने मान टाकली, आणि शेवटी राज्य निवडणूक आयोगाने कागदावरचे अर्ज घ्यायला सांगून वेळ साडेपाचपर्यंत वाढवली. २०२२ च्या डिसेंबरात हेच पुन्हा घडले. ते एक असो. खरी गंमत पुढे आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका आयोगाने रद्द केल्या. कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींवर गेल्याच्या बातम्या होत्या. १५ किंवा १७ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा २०२५ पर्यंत १ लाख ७५ हजार होती, हे लक्षात घ्या. बोली लावणाऱ्यांकडे शौचालय नक्की असणार, पाणीपट्टीही भरलेली असणार. त्यांच्या अर्जात दोष काढायला जागाच नसते. जे विचारायला हवे होते त्याला अर्जात रकाना नाही.

लिलाव उघड झाला म्हणून पकडला गेला. बोली न लावता पारावर जे होते त्याला आपण 'बिनविरोध' म्हणतो आणि वर हार घालतो. असे गाव केले तर लाखोंचा निधी देऊ, असे आमदारही जाहीर करतात. त्याने भांडणे टळतात आणि खर्च वाचतो, असे सांगितले जाते. कधी कधी तसे होतही असेल. पण ज्या गावात कोणी कोणापुढे उभे राहायचे हे चार घरे ठरवतात, तिथे भांडण मिटलेले नसते; एका बाजूने तोंड मिटलेले असते. मतदानच नाही, तर 'नोटा'चे बटणही नाही. नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर पुन्हा निवडणूक घ्यावी, असा चांगला आदेश याच आयोगाने २०१८ साली काढला होता. बिनविरोध गावात तो वापरायचा कुठे?

एवढे वाचूनही तुम्हाला दिल्ली नको, झरीचेच सरपंचपद हवे असेल, तर तुमच्या जिद्दीला नमस्कार. दाखले आजच काढायला लागा, वैधतेचा अर्ज टाकून पोच जपून ठेवा, बँकेत वेगळे खाते उघडा. आणि माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पारावर, पतसंस्थेत किंवा पाहुण्यांकडे, कुठेच सापडू नका. माघारीच्या कागदावर सही तुमचीच लागते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मतदार
(अद्याप कोणतेही प्रमाणपत्र न मागितलेला)