भट्टीकाका

दोह्यातल्या कुठल्याही मराठी घरात जा, स्वयंपाकघरात पाच शेगड्यांची एक धिप्पाड कुकिंग रेंज असते आणि तिच्या पोटात ओव्हन असतो. पाहुण्यानं त्या ओव्हनचं दार उघडू नये. आत दोन तवे, बिडाची कढई, अप्पेपात्र, गणपतीनंतर पुसून ठेवलेलं मोदकपात्र आणि घरातल्या एकाही भांड्याला न बसणारं एक झाकण, असा संसार सुखानं नांदत असतो. ओव्हन म्हणजे घरमालकानं फुकट दिलेलं भांड्यांचं कपाट, यावर आमच्याकडच्या बायकांचं एकमत आहे.

हे कपाट ज्या दिवशी एखाद्या नवऱ्याला भट्टी म्हणून दिसायला लागतं, त्या दिवशी त्या घरात भट्टीकाका जन्माला येतो.

वय पन्नासच्या आसपास. आखातात वीसेक वर्षं. मुलगी पुण्याला शिकायला गेलेली, त्यामुळे संध्याकाळी घरात कुणाचा गृहपाठ घ्यायचा हा प्रश्न. 2020च्या टाळेबंदीत ही बाधा बऱ्याच जणांना झाली. बहुतेक जण दोन केक करपवून बरे झाले. काहींचं दुखणं मात्र हाडीमाशी खिळलं. त्यातलं एक दोह्याच्या नजमा भागात, आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतं. भट्टीकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं. मोठी माणसं तोंडावर काका म्हणतात आणि वड्या उचलतात.

काका रास लफानला प्रोसेस इंजिनिअर. दोह्याच्या उत्तरेला 80 किलोमीटरवर, पहाटे साडेचारची बस. समुद्रातून काढलेला वायू तिथे उणे 162 अंशांपर्यंत थंड करतात, मग त्याचं पाणी होतं, आकारमान सहाशेपटीनं घटतं आणि तो जहाजात बसून जगभर जातो. आपल्याकडे गुजरातेत दहेजला तो 2004 पासून उतरतोय. या अजस्र कारभारात काकांचं नेमकं काम काय, असं वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, "कागदांवर सह्या करतात." हे जरा अन्यायाचं आहे, पण अगदीच खोटं नाही. तिथे पाना हातात घ्यायचा तरी आधी परमिट काढावं लागतं. धोके लिहायचे, उपाय लिहायचे, सहा जणांनी मान डोलवायची, मग पाना. वीस वर्षांत ही शिस्त काकांच्या रक्तात उतरली आणि सुटीच्या दिवशी बाहेर पडायला वाट शोधू लागली.

आता त्या वड्यांची पाककृती. ती मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे घडलं त्यात तिचा काही दोष नाही हे तुमच्या लक्षात येईल. एक वाटी पीनट बटर, एक वाटी साखर, एक अंडं. कालवायचं, ट्रेमध्ये थापायचं, 180 अंशांवर वीसेक मिनिटं भाजायचं. बाहेर काढलं की गरम असतानाच वर चॉकलेटचे तुकडे पसरायचे. ते आपसूक वितळतात, चमच्यानं सारखे करायचे. गार झालं की वड्या पाडायच्या. मैदा नाही, सोडा नाही, एकच भांडं लागतं.

काकांनी ही कृती मला जिन्यात ऐकवली आणि वर म्हणाले, "सोप्पं आहे हो. कुणीही करेल."

कुणीही करेल असं काम भट्टीकाका कुणालाही करू देत नाहीत.

ऑगस्टमधला एक शुक्रवार. संध्याकाळी अल वक्राला एकांकडे अथर्वशीर्षाची आवर्तनं होती आणि गोडाचं काकांनी अंगावर घेतलं होतं. मी मिक्सरचं भांडं परत द्यायला सकाळी सातला वर गेलो आणि टूलबॉक्स टॉकमध्ये सापडलो. आज काय काम, धोके कोणते, आणीबाणीत कोणत्या दारानं बाहेर पडायचं. वहिनी चहाचा कप विसळत म्हणाल्या, "मी त्याच दारानं भाजीला चाललेय."

रेंजच्या बटणावरचे आकडे आधीच्या कुठल्यातरी भाडेकरूच्या तारेच्या घासणीनं गेलेले. म्हणून काकांनी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला होता. पण थर्मामीटर खरं बोलतोय कशावरून? तेव्हा आधी त्याचीच परीक्षा: उकळत्या पाण्यात शंभर दाखवतो का आणि बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का. उकळतं पाणी झालं. घोळ घातला गार पाण्यानं. ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आमच्या नळाला येतं ते अंगाला चटका देत. म्हणून इथली जुनी माणसं उन्हाळ्यात गिझर बंद ठेवतात आणि गार पाणी हवं असलं की गरम पाण्याचा नळ सोडतात. एसीत बसलेल्या गिझरमधलं पाणी तेवढं माणसात असतं. भारतातून आलेल्या पाहुण्याला हे समजावणं म्हणजे शिक्षा. तो दोन दिवस निळ्या खुणेच्या नळाखाली भाजतो, तिसऱ्या दिवशी न विचारता लाल खुणेकडे वळतो. काकांनी लाल नळाचं पाणी घेतलं, त्यात बर्फाचा एक अख्खा ट्रे रिकामा केला आणि शून्य मिळवलं. साडेआठ वाजले होते. तीन पातेली ओट्यावर आली होती. पीनट बटरची बरणी अजून उघडली नव्हती.

उघडणारही नव्हती, कारण बरणी नव्हतीच. काकांना विकतचं चालत नाही. पीनट बटर घरी करायचं, आणि तेही सुटीवरून येताना बॅगेत वजन मारून आणलेल्या दाण्यांचं. दाणे भाजले, सालं पाखडली (सालं एसीच्या झोतानं बैठकीपर्यंत पोचली, हे परमिटात नव्हतं), मिक्सर सुरू झाला. पहिल्या मिनिटाला झकास कूट झालं. माझ्या डोळ्यांपुढे खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी असं सगळं येऊन गेलं. काका थांबेनात. कूट कडेनं ओलसर व्हायला लागलं, मग सगळ्याचा एक गोळा झाला आणि पात्यावर बसून मिक्सर घरघरायला लागला. तेवढ्यात भाजी घेऊन वहिनी दारात. चप्पलही न काढता ओरडल्या, "अहो, बंद करा! तेल सुटलं!"

हे ओरडणं शिकवून येत नाही. दाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि मिक्सर दोन गिरक्या जास्त फिरला की ते बाहेर येतं, कुटाचा लगदा होतो आणि सुनेचा उद्धार होतो, हे मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

काका शांतपणे म्हणाले, "तेच तर हवंय."

आणखी चार मिनिटांनी तो गोळा खरंच मोडला, चकाकायला लागला आणि चमच्यावरून तारेसारखा ओघळला. वहिनी बघत राहिल्या. जी चूक केल्याबद्दल त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बोलणी खाल्ली होती, ती इथे बरणीत भरून रियाल मोजून विकत मिळते. मी माहितीत भर घातली की 1884 साली मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिल्मोर एडसन या गृहस्थांनी याचं चक्क अमेरिकन पेटंट घेतलं होतं. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या सासूबाई नसतील."

इथवर साडेदहा झाले. आणि त्याच वेळी वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "अहो, आज संकष्टी. तिथं निम्म्या लोकांना उपास. अंडं घालताय कुठं?"

काकांच्या चेहऱ्यावर आलेलं तेज मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. काकांनी वही काढली. कारखान्यात एखादा भाग बदलायचा झाला तर 'मॅनेजमेंट ऑफ चेंज' नावाचा एक सोहळा असतो. तो करायची संधी ओव्हनवर पहिल्यांदाच चालून आली होती. मूळ घटक: अंडं. कार्य: बांधून ठेवणं. पर्याय: कंडेन्स्ड मिल्क. परिणाम: साखर निम्मी करावी लागेल, आच थोडी उतरवावी लागेल. संमती: वहिनी. वहिनींनी भाजी निवडता निवडता सही केली. हे सगळं यथासांग होईपर्यंत अकरा वाजून गेले, आणि मग ध्यानात आलं की घरात कंडेन्स्ड मिल्क नाही आणि जुम्म्याच्या नमाजासाठी दुकानं बंद व्हायला लागली आहेत.

दीड तास काका खिडकीत उभे होते.

दुकान उघडल्या उघडल्या आम्ही दोघं अबू हमूरपर्यंत गेलो. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, डबा मिळाला असता, पण काकांना चॉकलेटही विशिष्ट टक्क्यांचं हवं होतं. बाहेर 45 अंश, चॉकलेट विरघळतं चौतीसएक अंशांना. गाडी पार्किंगमध्ये वीस मिनिटं उभी होती, सीटवर पापड भाजला असता. काकांनी बर्फाची पेटी आणली होती, फक्त बर्फ आणला नव्हता, तो सकाळी थर्मामीटरनं खाल्ला होता. उणे 162 अंशांचा माल दहेजपर्यंत सुखरूप धाडणाऱ्या माणसानं अबू हमूर ते नजमा एवढ्या अंतरात चॉकलेटच्या चार वड्यांचं पिठलं केलं. मी म्हटलं, "बरं झालं, वितळवायचंच होतं." काका म्हणाले, "अनियंत्रित वितळणं वेगळं."

त्यांनी ते पिठलं फ्रीजमध्ये घालून पुन्हा घट्ट केलं आणि मग नियंत्रितपणे वितळवायला घेतलं. गरम ट्रेवर तुकडे टाकले की काम होतं हे कृतीत स्वच्छ लिहिलेलं आहे. पण त्यात तापमानाची नोंद कुठे होते? म्हणून उकळत्या पाण्यावर वाडगा, वाडग्यात चॉकलेट, चॉकलेटात थर्मामीटर. सुरेख वितळत होतं. आरशासारखं. काका आकडा वाचायला वाकले, वाडगा किंचित कलला आणि कडेनं आलेल्या वाफेचे दोन थेंब आत पडले.

हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगून पटणार नाही. वाटीभर पाणी घातलं असतं तर काही झालं नसतं, फार तर पातळ झालं असतं. दोन थेंबांनी मात्र चॉकलेट रुसतं. त्यातली कोरडी साखर आणि कोको तेवढ्याशा ओलाव्याला चिकटून एकमेकांत गुरफटतात आणि क्षणापूर्वीचा आरसा भिजल्या मातीचं ढेकूळ होतो. काका उलथणं घेऊन ढेकळाशी झुंजू लागले. वहिनींनी शेजारच्या शेगडीवरच्या दुधातलं पळीभर दूध काढलं, नवऱ्याला कोपरानं बाजूला केलं, गरम दूध थोडं थोडं घालत ढवळलं, आणि ढेकूळ उलगडून पुन्हा सायीसारखं मऊ झालं. काका वही शोधत म्हणाले, "याचं रूट कॉज काढायला हवं."

"ते ओट्यापाशी उभं आहे," वहिनी म्हणाल्या.

ट्रे साडेचारला ओव्हनमधून निघाला. खरं सांगतो, वास असा सुटला होता की समोरच्या फ्लॅटमधली मल्याळी पोरं दार उघडून उभी राहिली. अल वक्राला जाताना ट्रे मागच्या सीटवर माझ्या मांडीवर होता आणि एसीचे चारही झोत ट्रेकडे वळवलेले होते. आम्ही तिघं घामानं निथळत होतो. चॉकलेट ठणठणीत होतं.

आवर्तनं झाली. चंद्रोदय दोह्याचा धरायचा की पुण्याचा हा दर संकष्टीचा वादही झाला. मग ट्रे फिरला आणि एका चौकस गृहस्थांनी चॉकलेटचं वेष्टण मागितलं. काकांनी ते वहीला टाचूनच आणलं होतं. गृहस्थांनी चष्मा वर करून वाचलं: सोया लेसिथिन. खोलीत शांतता. सोयाबीन म्हणजे कडधान्य, कडधान्य उपासाला कसं चालेल? एक जण म्हणाले, कोकोचंच काय, तो तरी शास्त्रात कुठे आहे? काकांनी तयारीच केली होती. त्यांनी विचारलं, शेंगदाणा कुठला? दक्षिण अमेरिकेतला. बटाटा? तिथलाच. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो? तोही तिथलाच. मिरची? तीही त्याच बाजूची. आणि कोको? तोही. "म्हणजे उपासाच्या ताटात सगळं माहेर आधीच बसलेलं आहे, ही एक धाकटी बहीण तेवढी उशिरा आली."

युक्तिवाद बिनतोड होता, पण लेसिथिनचं उत्तर त्यात नव्हतं. ते नातवाला भेटायला व्हिजिट व्हिसावर आलेल्या एका आजींनी दिलं. त्या कडक उपासवाल्या, वय ब्याऐंशी. त्यांनी विचारलं, "ते लेसि का काय ते, दिसतं का डोळ्यांना?"

"नाही."

"चव लागते?"

"नाही, आजी."

"मग तुम्ही वाचलंत म्हणून पाप तुम्हाला. मला वाढा."

आजींनी दोन घेतल्या. दुसरी चावताना म्हणाल्या, "दाण्याची वडीच आहे की. वरून काळी केलीय." चौकस गृहस्थांनी एक वडी कागदी रुमालात गुंडाळून चंद्रोदयानंतरसाठी खिशात ठेवली. तिचं पुढे काय झालं असेल ते ऑगस्टमध्ये दोह्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी ट्रे परत द्यायला वर गेलो. काका झोपले होते. फ्रीजवर चुंबकाखाली कामाचा अहवाल लावलेला होता, काकांच्या सुबक अक्षरात. काम: पीनट बटर चॉकलेट वड्या, 36 नग. घटक बदल: 1, मंजूर. अपघात: 0. निअर मिस: 1, बाष्प. लागलेला वेळ: साडेनऊ तास. वापरलेली भांडी: 1.

तो एक पेन्सिलीनं खोडून शेजारी वहिनींनी लिहिलं होतं: "17. सगळी घासली. परमिट न काढता."