वाहन : बेडूक

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. कोल्हा किंवा मेंढा आला की माझी आजी कपाळाला हात लावायची. म्हैस, हत्ती किंवा बेडूक आला की माळ्यावरची छत्री खाली काढायला लावायची. हत्तीच्या पंगतीला बेडकाला पाट मांडणाऱ्या त्या जुन्या ज्योतिषाच्या घरी नक्की परसबाग असणार. आणि संध्याकाळी सात वाजता विश्रांतवाडीच्या चौकात कधी अडकला असाल, तर या सगळ्या वाहनांत पलीकडे पोचण्याची खात्री फक्त बेडकालाच देता येईल, हे तुम्हीही मान्य कराल.

आमच्या घरामागे एक लिंबू, एक कढीपत्ता, अळूचं आळं आणि मोगऱ्याच्या कुंड्या एवढा संसार आहे. मी त्याला बाग म्हणते, घरचे ‘मागची जागा’ म्हणतात. या जागेवर माझ्याखेरीज आणखी एकाची वहिवाट आहे. खडबडीत पाठ, मातकट रंग, डोळ्यांच्या मागे दोन फुगवटे. पुस्तकात याला भेक म्हणतात, आमच्याकडे ‘साहेब’. साहेब दिवसभर पालथ्या कुंडीखाली असतात. दिवेलागणीनंतर बाहेर येऊन ट्यूबलाइटखाली बसतात, आणि बसूनच राहतात. बसल्या जागेवरून हलायचं नाही आणि तरी काम उरकायचं, हे कसब मला आयुष्यभर नोकरी करूनही साधलं नाही.

काम काय, तर खाणं. मुंग्या, झुरळं, भुंगेरे, लेंडीएवढ्या गोगलगाई, सगळं चालतं. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं दिव्यावर झेपावतात, त्या रात्री तर साहेबांच्या घरचं कार्यच असतं. त्यांची जीभ तोंडाच्या पुढच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे ती उलटी बाहेर फेकली जाते आणि आपली पापणी लवायच्या आत किडा गायब होतो. मग साहेब डोळे मिटतात. समाधानाने नव्हे. बुबुळं आत ओढली जातात आणि ती आतून घास घशाखाली ढकलतात. डोळे मिटून जेवणारी माणसं मी मंगल कार्यालयात पुष्कळ पाहिली आहेत. डोळ्यांनी गिळणारा हा एकच.

पाणीही तोंडाने पिण्याची पद्धत नाही. ते पोटाच्या, मांड्यांच्या कातडीतून शोषलं जातं. मी कुंडीखालची मातीची उथळ ताटली भरून ठेवते. साहेब येतात, बूड टेकतात, आणि तहान भागते.

पण ज्या कातडीतून पाणी आत जातं, तिच्यातून फवारलेलं औषधही जातं, आणि इथे आमचा शेजाऱ्यांशी तंटा सुरू होतो. शेजारी निवृत्त सुभेदार आहेत. त्यांचे गुलाब एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या तयारीत वर्षभर सावधान स्थितीत उभे असतात. दर रविवारी पाठीवर पंप लावून सुभेदारसाहेब मोहिमेवर निघतात. त्यांच्या बागेत मावा नाही, तुडतुडे नाहीत, बेडूक नाही, आणि आता फुलपाखरूही नाही. “वहिनी, बेडूक आला की मागोमाग साप येतो,” असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. दिवड आणि धामण बेडकावर जगतात. फक्त धामण उंदीरही खाते, आणि उंदीर सुभेदारसाहेबांच्या बागेतून आमच्याकडे येतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आमच्या कामाच्या ताईंना वेगळीच भीती. बेडकाला हात लावला की चामखीळ उठते म्हणे. तसं काही होत नाही. डोळ्यांमागच्या फुगवट्यांत मात्र खरंच विष असतं. गल्लीतल्या एका लाडक्या लॅब्रॅडोरने ते तपासून पाहिलं आणि तासभर तोंडाला फेस आणून बसला. बेडकाला हाताळलंच तर हात धुवावेत, मुळात हाताळूच नये. साहेबांनाही ते आवडत नाही.

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून दिघी, कळस करत आमच्या वस्तीतून पुण्यात जाते, त्याच सुमाराला बेडकांचीही वारी निघते. धानोरीच्या बाजूला मोकळे प्लॉट होते तेव्हा तिथल्या डबक्यांत मोठे बेडूक जमायचे. एरवी हिरवट-तपकिरी असणारे नर या दिवसांत हळदीला बसलेल्या नवरदेवासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून माद्यांना हाका मारतात. आता त्या जागी टॉवर आहेत आणि उरलेल्या डबक्यांत साहेबांच्या जातीची मंडळी आहेत. त्यांचा आवाज ‘डराव’ नसतो, लांबलचक ‘कुर्रर्र’ असतो. यावर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी येतात. लोहगावच्या तळावरून सुखोई उठतं तेव्हा आमच्या कपाटातल्या कपबशा वाजतात, त्याचा आम्हाला अभिमान वाटतो. झोपमोड मात्र बेडकाने होते.

या दिवसांत नर इतके उतावीळ असतात की पुढ्यात येईल त्याला मिठी मारतात. दुसऱ्या नराला मारली तर तो ‘सोड’ अशा अर्थाचा ठरावीक आवाज काढतो आणि पहिला मुकाट्याने सोडतो. माणसांत इतकी समज दिसत नाही. भोपाळमध्ये 2019 साली पाऊस पडावा म्हणून बेडकांच्या जोडीचं लग्न लावलं, आणि पाऊस थांबेना तेव्हा सप्टेंबरात त्यांचा काडीमोड करवला. त्याआधी कैक वर्षं आपण बेडकांच्या तंगड्या परदेशी जेवणाच्या टेबलांवर पाठवत होतो; ती निर्यात 1987 साली बंद झाली.

हल्ली माझी बाग बघून कुणीतरी विचारतं, “तुमच्याकडचा एक बेडूक द्याल का?” मी देत नाही. ऑस्ट्रेलियात 1935 साली उसातले भुंगेरे खाण्यासाठी बाहेरून भेक आणून सोडले. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर, त्यांच्या अळ्या जमिनीखाली, आणि बेडूक मधल्यामध्ये मिळेल ते खात दूरवर पसरले. आपल्याकडच्या साखरसम्राटांच्या हे कानावर गेलं नाही, हे नशीब.

बेडूक आणावा लागत नाही, तो येतो. एक कोपरा न झाडता सोडा, एखादी फुटकी कुंडी पालथी घाला, उथळ ताटलीत रोज ताजं पाणी ठेवा आणि फवारणीचा पंप सुभेदारसाहेबांना देऊन टाका. आणि पावसाळ्यात सकाळी गाडी काढण्याआधी टायरपुढे एकदा वाकून बघा. हॉर्न वाजवून उपयोग नाही. तो हलत नाही.