पोळपाटाची त्रिज्या

आयुष्यभर फळ्यावर हातानं वर्तुळं काढलेल्या माणसाला, लाकडाचं वर्तुळही आपल्याला तितकंच सहज जमेल असं वाटू लागतं. निवृत्तीनंतर हा आजार बळावतो. त्यात घरचा पोळपाट तडकला.

"अहो, सदर बाजारात मिळतो की पोळपाट," बायको म्हणाली. भूमितीच्या मास्तरानं वर्तुळ विकत आणायचं? मला ते पटेना.

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. इथल्या रोलिंग मिल रात्रंदिवस सळया काढतात. मला तर एक खिळा हवा होता. बेत सोपा होता. प्लायवूडचा तुकडा, त्याच्या पोटाशी बॅन्डसॉच्या, म्हणजे पट्टा-करवतीच्या, टेबलातल्या खाचेत सरकणारी पट्टी, आणि पात्यापासून पाच इंचांवर खिळा. फळी खिळ्यावर बसवायची, पट्टीला अडवणारा ठोकळा लागेपर्यंत आत सरकवायची आणि गरगर फिरवायची. पातं जागेवर, फिरते ती फळी. दहा इंची पोळपाट आपोआप सुटून हातात. सुतार या साधनाला जिग म्हणतात.

बॅन्डसॉ होता माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या फर्निचरच्या कारखान्यात. दहावीला भूमितीनं त्याला अडवलं होतं, तेव्हापासून तो मला फार मानतो.

"सर, तो खिळा जरा..." त्यानं सुरुवात केली. मी हात वर केला. मधेच बोलणाऱ्या मुलांना मी कधी उत्तेजन दिलेलं नाही.

मशीन सुरू झालं. कारागीर भोवती जमले, म्हणून थोडा इतिहासही सांगितला. चाकांवरून फिरणाऱ्या या अखंड करवतीचं पेटंट इंग्लंडात विल्यम न्यूबेरीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतलं, पण पट्ट्याचा जोड टिकेना. तो टिकवायची रीत १८४६ साली पॅरिसच्या ॲन पॉलिन क्रेपँ यांनी काढली. मी पॅरिसला पोचलो आणि सागवानातून धूर निघू लागला.

फळी फिरेना. रेटली की पातं किंचाळायचं आणि रेघ आत आत सरकायची. फेरा पुरा झाला तेव्हा सुरुवात आणि शेवट, बांधावरून भांडलेल्या भावकीसारखे, एकमेकांकडे न बघता शेजारून निघून गेले. त्या आकाराला मी सर्पिल म्हणालो. कारागीर वेगळंच काहीतरी म्हणाले. कडा नीट करायला पुन्हा कापलं. पोळपाटाचं माठावरचं झाकण झालं, झाकणाची कपाखालची चकती झाली.

मग विद्यार्थी पुढं आला. "सर, कापतात ते हे दात. खिळा त्यांच्या अगदी समोर थांबायला पाहिजे. तुमचा पाऊण इंच पुढं निघून गेलाय, म्हणून पातं आत ओढलं जातंय. स्पर्शिका स्पर्शबिंदूतून काढलेल्या त्रिज्येला लंब असते, तुम्हीच शिकवलं ना? पातं म्हणजे स्पर्शिकाच की."

त्यानं रुंद पातं उतरवलं, कारण वळणावर त्याची पाठ अडते. पाव इंची चढवलं, ठोकळा पाऊण इंच अलीकडं घेतला आणि नवी फळी फिरवली. कड अशी उतरली की सुरुवात कुठली, शेवट कुठला, बोटालाही लागेना.

कारागीर माझ्याकडं बघू लागले. परीक्षकाला भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही. प्रमेय बरोबर होतं, आकृतीही स्वच्छ होती. सिद्धता मात्र त्यानं लिहिली नव्हती. मी चारपैकी तीन गुण दिले.