साताऱ्यात पळायला लागणाऱ्यांसाठी

बूट नंतर घेतले तरी चालतील. आधी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरा. धावणाऱ्यांच्या गटात लोक धावतात, असा नव्या माणसाचा समज असतो. धावतातही, सकाळी तासभर. उरलेले तेवीस तास बातम्यांचे. कोण किती धावलं, कोण आलं नाही, न येण्याचं सांगितलेलं कारण कोणतं आणि खरं कोणतं, कोणाचा गुडघा, कोणाचे नवे बूट. पाय हळूहळू तयार होतात. बातमीदारी मात्र पहिल्या दिवसापासून जमावी लागते.

सुरुवात स्वतःच्या बातमीपासून करा. तिच्यात अंतर, पेस आणि सबब एवढं हवंच. उदाहरणार्थ, ‘आज 10 किमी, 7:10 ची पेस, रात्री लग्नाला जागरण झालं.’ पेस चांगली पडली तरी सबब द्यायचीच, म्हणजे जागरण नसतं तर काय झालं असतं याचा हिशेब बाकीचे आपसूक करतात. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटं. आकडा जितका लहान तितका माणूस मोठा. हे सुरुवातीला उलटं वाटतं, महिनाभरात अंगवळणी पडतं.

अंतर नेहमी पूर्ण आकड्यात सांगावं. घड्याळ 9.87 दाखवत असेल तर घराच्या पार्किंगमध्ये स्कूटरभोवती फेऱ्या मारा, पण दहा पुरे करा. शेजारचे गॅलरीतून बघतील. बघू देत. टपरीवर चहाला थांबलात तर तो वेळ ॲप स्वतःहून वजा करतं. उरतो त्याला ‘मूव्हिंग टाइम’ म्हणतात. आपल्या बातमीत तो द्यायचा, दुसऱ्याच्या बातमीखाली मात्र एकूण वेळ विचारायचा.

आता घाटाकडे वळू, कारण साताऱ्याच्या गटातली निम्मी बातमी तिथेच तयार होते. 2012 पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते. पावसाळा सरत आलेला असतो, कासच्या पठारावर फुलं यायला लागलेली असतात, आणि हजारो माणसं गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढतात, कासच्या रस्त्याला लागतात आणि तिथून परत फिरतात. फुलं कोणी बघत नाही. एकूण 21 किलोमीटर आणि वर 97 मीटर. हे 97 मीटर बातमीत सांगायची पद्धत नाही, पण सर्वांत जास्त शिव्या त्यांनाच बसतात.

नवखा माणूस चढाला घाबरतो. चुकीच्या जागी घाबरतो. चढावर दम लागतो, माणूस चालायला लागतो, चालता चालता शेजारच्या अनोळखी माणसाला आपला व्यवसाय सांगतो, चढ निभतो. घात उतारावर होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, आणि त्यांना सर्वांत जास्त इजा अशाच कामाने होते. शिवाय ती लगेच जाणवत नाही. रविवारी संध्याकाळी तुम्ही मेडल गळ्यात घालून राजवाड्यावर भेळ खाता. सोमवारी जिना उतरताना कठडा धरता. मंगळवारी जिना उलटा, पाठमोरा उतरता, आणि वरून घरातला आवाज येतो, ‘कोणी सांगितलं होतं?’ या प्रश्नाला गटात अधिकृत उत्तर नाही. अंगठ्याचं काळं पडलेलं नख हीदेखील बातमीच. फोटो टाकायचा असेल तर नाश्त्याची वेळ टाळावी, एवढंच आमच्या वहिनीमंडळींचं म्हणणं आहे.

जानेवारीत बातमीचं केंद्र मुंबईला हलतं. तिथल्या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ प्रसिद्ध आहे. पूर्ण 42.195 धावणाऱ्याला तो परतीच्या वाटेवर, पाय संपल्यावर भेटतो, आणि मुंबईकर त्याबद्दल वर्षभर हळवे होऊन बोलतात. सातारकराने त्यावर फक्त एवढंच म्हणायचं, ‘चढ कुठे होता? आम्हाला दिसला नाही.’ मुंबईच्या दमट हवेने सी लिंकवरच आपली हवा काढली होती, ही बातमी गटाबाहेर जाता कामा नये.

गटातली माणसं ओळखायला वेळ लागत नाही. एक सर असतात, ते वर्षानुवर्षं दुखापतीतून सावरत असतात आणि टी-शर्टच्या रंगावर सर्वांत ठाम मत त्यांचं असतं. एक डॉक्टर असतात; त्यांच्याबरोबर धावू नका, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना फुकट सल्ला घेणारे धावत असतात आणि रस्ता अडतो. एक वहिनी ‘मी नुसती चालायला येते’ म्हणून आलेल्या असतात, त्या आता सगळ्यांच्या पुढे असतात आणि त्याबद्दल त्यांचे यजमान सोडून कोणीही बोलतं. आणि एक काका. काका फार सावकाश पळतात, कधी थांबत नाहीत, स्वतःची बातमी कधीच देत नाहीत. माझ्या मते गटात धावणारा खरा माणूस तेवढाच, पण हे ग्रुपवर लिहायची सोय नाही.

काकांपुढे बुटांचा विषय काढू नका. कार्बन प्लेटचे वीस-पंचवीस हजारांचे बूट कोणी दाखवले की काका फडेप्पा चौगुल्यांवर येतात. बेळगावचे चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत, एकोणिसावे आले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहूनच दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला संघ पाठवायचं आलं. त्यात अँटवर्पचं अंतर 42.75 किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ‘आणि तुम्ही पार्किंगमध्ये स्कूटरभोवती फिरता,’ असं म्हणून काका पुढे निघून जातात. त्यांना कोणी सांगितलं, हा शोध सध्या चालू आहे.

ललिता बाबरचं नाव निघालं तर ‘आपली’ हा शब्द विसरू नका. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. तीन हजार मीटरच्या वाटेत आडवे अडथळे आणि पाण्याचा खड्डाही असतो. हे ऐकून तुमच्या शेजारचा एक जण नक्की म्हणेल की आपल्या रस्त्यावर पावसाळ्यात तेच असतं. हसा. नवीन सदस्याने हसायचं असतं.

अभिनंदनाचेही नियम आहेत. नुसता मेडलचा फोटो आला असेल तर वेळ विचारायची नाही. सांगण्यासारखी असती तर फोटोच्या आधी आली असती. वेळ आली आणि फोटो नाही, तर माणूस खरोखर जोरात पळालेला आहे, त्याला दोन अंगठे आणि एक हार. स्पर्धा अर्ध्यात सोडलेल्याला त्या दिवशी काहीच लिहू नका, संध्याकाळी घरी जाऊन बसा. तो स्वतःच सांगायला लागेल, आणि ती बातमी ग्रुपवर टाकायची नाही.

रविवारी लाँग रननंतर नाश्ता असतो. सत्तर किलोच्या माणसाचे दहा किलोमीटरला ढोबळमानाने सातशे कॅलरी जातात. मिसळ, जादा पाव, वर जिलबी आणि दोन चहा यांत त्या आनंदाने परत येतात. ही आकडेमोड टेबलावर कोणी करत नाही. तिथे पुढच्या रविवारचा रस्ता ठरतो, गैरहजर माणसांचा आढावा होतो आणि बिल येतं. पहिल्या रविवारी ते नवीन सदस्याने द्यायचं असतं. हॉटेलवाला यूपीआय घेतो, पण मोबाइल पळताना घरी ठेवला होता ही सबब गटाने आधीच वापरून संपवली आहे, तेव्हा खिशात रोख ठेवा.