‘बंद पडलेली गाडी जाणार कुठं?’ असं विचारणाऱ्या टोइंगवाल्यास

टोइंगवाले महाशय,

सप्रेम नव्हे, पण स्पष्ट नमस्कार.

इथं पिट्सबर्गला, आमच्या शेजाऱ्यांच्या उतरत्या ड्राइव्हवेवरून 2015 सालचा रॅम 1500 न्यायला तुम्ही आलात. बॅटरी पार उतरलेली. तुम्ही बाहेर उभे राहूनच उघड्या दारातून हात घातलात, स्टिअरिंगखालचं झाकण उचकटलंत आणि पार्क सोडवणारा पट्टा ओढलात. चाकाला ठोकळा नाही, पार्किंग ब्रेक लावलेला नाही, विंचची तार अजून तुमच्याच गाडीवर गुंडाळलेली. मी ‘थांबा’ म्हणालो, तर तुम्ही विचारलंत, ‘बंद पडलेली गाडी जाणार कुठं?’

समोरच्यांच्या कुंपणात गेली. जरा वेळापूर्वी तिथं मुलं सायकली फिरवत होती.

उताराला बॅटरी लागत नाही, हे तुमच्या धंद्यात कुणी सांगितलं नाही का? गाडी ‘पी’वर असताना तिला धरून ठेवते ती गिअरबॉक्समधली एक लहानशी लोखंडी खिट्टी. ती मागे घेतली की दोन टनांहून जड धूड केवळ ब्रेकच्या भरवशावर उरतं, आणि ब्रेकवर तर तुमचा पायही नव्हता. असता तरी जोर लावून दाबावा लागला असता, कारण इंजिन बंद असताना बूस्टरची मदत एक-दोनदा दाबेपर्यंतच टिकते. धावत्या गाडीत पुन्हा ‘पी’ टाकून ती थांबत नाही. खिट्टी नुसती कडकडत राहते.

ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पार्कमधून निघू नये, असा अमेरिकेत 2008 चा कायदा आहे, तोही लहान मुलांच्या जिवासाठी केलेला. डिसेंबर 2017 मध्ये ही सोय निकामी होऊ शकते म्हणून सुमारे 18 लाख रॅम पिकअप परत बोलावले गेले. एवढा बंदोबस्त तुम्ही एका हिसक्यात मोडीत काढलात. शाबास!

क्रम साधा आहे. उताराच्या बाजूनं चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक घट्ट, विंचची तार लावून ताणलेली, उताराखाली एकही माणूस नाही. मग चालकाच्या जागेवर बसून, पाय ब्रेकवर ठेवून पट्टा ओढायचा. फोर-व्हीलची गाडी असेल तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला नाही ना, हे आधी बघायचं. तसं असेल तर ‘पी’वरची गाडीसुद्धा घरंगळते.

कुंपणाचे पैसे विमा देईल. तुम्ही ठोकळे विकत घ्या, आणि ते लावल्याशिवाय कुणाच्याही गाडीचा पट्टा ओढू नका.

आपला,
शेजारच्या घरातला एक बाप