जावयाचे पाव

कुंभकोणमात यीस्टला उत्साह फार. पाककृतीत लिहिलेलं असतं, मळलेला मैदा उबदार जागी तासभर ठेवा, दुप्पट होईल. लिहिणारी बाई थंड गावची असणार. इथे मे महिन्यात उबदार नसलेली जागा हवी तर फ्रिजच उघडावा लागतो. 500 ग्रॅम मैदा, 7 ग्रॅम सुकं यीस्ट, साखर, दूध, लोणी असं मळून मी आंघोळीला जावं, तर परत येईपर्यंत पीठ पातेल्यावरचं झाकण उचलून बाहेर बघत असतं.

माझं सासर तंजावर मराठी. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि पुढे या मुलखात जी मराठी घरं रुजली, त्यांतलं हे एक. जावयानं पिठात हात घालावा हेच इथे नवल. सासरे म्हणाले, "आधी तंजावरला जाऊन सरस्वती महालात 'शरभेंद्र पाकशास्त्र' चाळा." दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातलं ते मराठी पाकशास्त्र. तंजावर इथून चाळीसेक किलोमीटर. तिथून येईस्तोवर माझं पीठ अंगणात पोचलं असतं.

सासूबाईंची शंका अधिक मूलगामी होती. "जावईबापू, हे यीस्ट जिवंत असतं ना?"

"हो."

"मग शाकाहारी कसं?"

मी म्हटलं, ती एक बुरशी आहे. साखर खाते, वायू सोडते, थोडं मद्य करते. मद्य म्हणताच पदर नाकाला गेला. ते भाजताना उडून जातं, शिवाय तुमची इडलीही जिवाणूंच्या वायूनंच फुगते, असं मी बजावलं.

"आमचं पीठ आपलं आपण आंबतं. त्याला पाकिटातली भाडोत्री माणसं लागत नाहीत."

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

मला खरी हौस आकारांची. गाठ, वेणी, एका साच्यात तीन गोळ्या बसवून केलेलं त्रिदळ, बॉस्टनच्या पार्कर हाउस हॉटेलानं 1870 च्या दशकात प्रसिद्ध केलेला घडीचा पाव. आपल्याकडेही गोव्यातले पोदेर गोल उंडे करतात आणि बांगडीच्या आकाराचं कांकणही. पण आकार आपण द्यायचा आणि यीस्टनं तो खोडायचा, असा इथला शिरस्ता. वेणीचे पेड एकमेकांत विरतात, गाठीची बेंबी होते, त्रिदळाचं तर ढेरपोट.

सासूबाई हे बराच वेळ बघत होत्या. त्या हातमुरुक्कू वळणाऱ्या. तांदूळ-उडदाच्या पिठाला चिमटीत बारीक पीळ देत देत एकात एक फेरे घालायचे, साचा नाही, मापपट्टी नाही. लग्नाच्या फराळात पाच, सात, नऊ फेऱ्यांचे मुरुक्कू मांडतात आणि व्याही मंडळी फेरे मोजतात. त्यांनी माझ्या हातातली वळी काढून घेतली, पीळ दिला, सोडली. ती सर्रकन आखडली.

"रुसकं आहे पीठ."

"ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा, सैल पडतं," मी म्हटलं.

"जावयांना अर्धा तास लागतो," असं म्हणून त्यांनी खरंच दहा मिनिटं थांबून सात फेरे घातले. पीळ असा, की सोनारानं बघावा. फेऱ्यांत बोटभर फटी ठेवल्या, "फुगायला जागा नको का?" ही अक्कल मी वाचलेल्या एकाही पाककृतीत नव्हती. अंडं या घरात वर्ज्य, म्हणून वरून दूध लावलं, आणि यीस्टला फार विचार करू न देता ताट विजेच्या ओव्हनात ढकललं. सातही फेरे वेगळे मोजता येतील असा तांबूस पाव बाहेर आला. सासऱ्यांनी तो डिग्री कॉफीत बुडवून खाल्ला आणि तंजावरचं नाव काढलं नाही.

शेजारच्या मामींकडे ताट गेलं, "जावयाचा मुरुक्कू" म्हणून. मामींनी तो दाबून पाहिला, हुंगला, उलटा केला.

"तळलाय की वाफवलाय?"

"भाजलाय."

"अरेरे," मामी हळहळल्या. "तेल संपलं होतं तर मागायचं नाही का?"